भिंतीबाहेरची तीन मिनिटं

प्रति,
महाराष्ट्रातल्या विमानतळांच्या आपत्कालीन नियोजन समित्यांचे अध्यक्ष व सर्व सभासद यांस,

सविनय नमस्कार.

मी ३१ वर्षं एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून काम केलं. शेवटची १२ वर्षं इनचार्ज होते. घर कुर्ल्याला, विमानं उतरण्याच्या वाटेखाली. चाकं बाहेर काढलेलं विमान डोक्यावरून गेलं की बोलणं तेवढ्यापुरतं थांबवायचं, आणि आवाज ओसरला की अर्धं राहिलेलं वाक्य पुढे न्यायचं, ही आमच्या सगळ्या गल्लीची सवय. आमच्याकडची तान्ही पोरंसुद्धा त्या आवाजाला दचकत नाहीत.

तुमच्या समित्यांत विमानतळाचे संचालक असतात, जिल्हा प्रशासन असतं, महापालिका, पोलीस, अग्निशमन दल, रुग्णालयं, सगळे असतात. विमान संकटात सापडलं तर कोणी काय करायचं याचा आराखडा तुम्ही बांधता आणि त्याची तालीम घेता. विमानतळाच्या भिंतीच्या आतला विचार किती बारकाईने झालेला असतो ते मला गेल्या काही वर्षांत कळलं आणि मनापासून आदर वाटला. भिंतीबाहेरचं मात्र मी स्वतः पाहिलं आहे. हे पत्र त्यासाठी.

आधी आतलं लिहिते, कारण आमच्यासारख्यांना ते माहीतच नसतं.

माझा भाचा एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. कुठल्या विमानतळावर ते लिहीत नाही. त्याच्याकडून मी एकेक गोष्ट खोदून खोदून विचारून घेतली. वैमानिकाने तीनदा 'मेडे', म्हणजे जीव धोक्यात आहे, असं म्हटलं की त्या फ्रिक्वेन्सीवर बाकीच्यांनी गप्प राहायचं. 'पॅन पॅन' म्हटलं तर अडचण तातडीची आहे, पण जीव अजून थेट धोक्यात नाही. बोलायला उसंत नसेल तर ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० आकडा लावला की रडारच्या पडद्यावर ते विमान उठून दिसतं. कंट्रोलर आधी पोच देतो, मग इतर विमानं वाटेतून बाजूला काढतो, धावपट्टी मोकळी करून घेतो आणि वैमानिकाला होता होईल तितके कमी प्रश्न विचारतो. वैमानिकाचा क्रम ठरलेला असतो: आधी विमान सांभाळायचं, मग वाट धरायची, बोलणं सगळ्यात शेवटी. तरी दोन गोष्टी विचाराव्याच लागतात, इंधन किती उरलंय आणि माणसं किती आहेत. "त्याला 'सोल्स ऑन बोर्ड' म्हणतात, मावशी," भाचा म्हणाला. तिकिटं किती असं विचारत नाहीत, जीव किती असं विचारतात. आईच्या मांडीवरच्या बाळाला वेगळी सीट नसते, पण या मोजणीत ते पुरतं एक धरलं जातं. हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसले होते.

ते आकडे अग्निशमन केंद्राला जातात. विमानात बिघाडाची शंका असेल तर 'लोकल स्टँडबाय', धोका खराच असेल तर 'फुल इमर्जन्सी'. फुल इमर्जन्सीत विमान टेकायच्या आधीच गाड्या धावपट्टीच्या कडेला ठरलेल्या जागी उभ्या राहतात. विमानतळाचा चौकटी पाडलेला नकाशा कंट्रोलर बसतात त्या टॉवरमध्ये आणि अग्निशमन केंद्रात एकच असतो, म्हणजे अमुक चौकट म्हटलं की दोघांचं बोट एकाच जागी पडतं. आणि आंतरराष्ट्रीय नियम असा की हवा स्वच्छ आणि जमीन कोरडी असताना, इशारा मिळाल्यापासून ३ मिनिटांच्या आत पहिली गाडी वापरातल्या धावपट्टीवर कुठेही पोहोचून फेस मारायच्या बेतात असली पाहिजे. २ मिनिटांत झालं तर आणखी चांगलं.

तीन मिनिटं म्हणजे काय हे कॅज्युअल्टीतल्या बाईला कोणी समजावून सांगायला नको. श्वास थांबलेला माणूस आम्ही तीन मिनिटांत परत आणलेला आहे, आणि सात मिनिटांनी आलेल्याच्या नातेवाइकांसमोर मान खाली घालून उभ्याही राहिलो आहोत. म्हणून या नियमाची किंमत मला कळते.

पण ही तीन मिनिटं धावपट्टीपुरती आहेत. भिंतीपलीकडे घड्याळच नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, त्याचा प्राथमिक अहवाल महिनाभरात आला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. दुपारी १ वाजून ३८ मिनिटं ३९ सेकंदांनी विमानाने जमीन सोडली. २६ सेकंदांनी वैमानिकाचा मेडे आला. कंट्रोलरने विमानाचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, विचारला, उत्तर आलं नाही. त्याने ते विमानतळाच्या हद्दीबाहेर पडताना डोळ्यांनी पाहिलं आणि आणीबाणीची यंत्रणा हलवली. मेडेनंतर सहा सेकंदांत विमानातल्या रेकॉर्डरवरची नोंद संपली होती. विमानतळाची अग्निशमन गाडी आवारातून बाहेर पडली तेव्हा घड्याळात १ वाजून ४४ मिनिटं ४४ सेकंद झाले होते. साडेपाच मिनिटांच्या वर. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, एवढे जीव गेले. विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं तेव्हा मेसमध्ये मुलं जेवायला बसली होती.

हे मी कोणाला बोल लावायला लिहीत नाही. त्या आगीत एखादी गाडी दोन मिनिटं आधी पोहोचली असती तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. माझं म्हणणं एवढंच की धावपट्टीच्या टोकाला पोहोचायची रोज सवय असलेल्या चालकाला वसतिगृहाच्या फाटकापर्यंत पोहोचायची सवय कोण लावणार?

मुंबईला हे दूरचं वाटू नये. २८ जून २०१८ ला भर दुपारी घाटकोपरच्या सर्वोदयनगरात छोटं विमान पडलं. पाच माणसं गेली. त्यातला एक तर नुसता रस्त्याने चालला होता.

भिंतीबाहेरच्या वाटा कशा असतात याचं एक जुनं उदाहरण न्यूयॉर्कजवळचं आहे. जानेवारी १९९० मध्ये कोलंबियाहून आलेलं एक विमान खराब हवेमुळे तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत ठेवलं गेलं आणि इंधन संपून कोव्ह नेक नावाच्या वस्तीत पडलं. इंधन संपत आलंय असं वैमानिक बोलले होते, पण 'इमर्जन्सी' हा शब्द त्यांच्या तोंडून कंट्रोलरला ऐकू गेला नाही, आणि शब्द नाही म्हणून धावपळही झाली नाही. १५८ पैकी ७३ जण गेले. कंट्रोलर मंडळी ही गोष्ट त्या शब्दासाठी शिकतात. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. त्या वस्तीत जायला अरुंद, वळणावळणाचा रस्ता होता आणि मदतीला आलेल्या गाड्यांनीच तो तुंबला. जखमी आत, रुग्णवाहिका बाहेर. आमच्या जरीमरीच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

आता कारिपूर. केरळातल्या कोझिकोडचा हा विमानतळ डोंगराच्या सपाट केलेल्या माथ्यावर आहे. ७ ऑगस्ट २०२० ला रात्री पावणेआठच्या सुमारास, धो धो पावसात, दुबईहून माणसं परत आणणारं विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. १९० माणसं होती, २१ गेली. कॅप्टन दीपक साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार दोघेही गेले. साठ्यांचे आईवडील नागपुरात राहायचे, त्यामुळे ती बातमी आपल्याकडे घरातली होऊन आली. सुदैवाने विमानाने पेट घेतला नाही. अपघात कसा झाला यावर अहवालात पुष्कळ आहे, तो माझा विषय नाही. मला त्यातलं बचावकार्याचं वाचायचं होतं. समन्वय कमी पडला, अग्निशमन दलाच्या लोकांना त्या जातीच्या विमानाची पुरेशी ओळख नव्हती, असं त्यात नमूद आहे.

आणि तरी १६९ जण जगले. त्यात मोठा वाटा आजूबाजूच्या वस्त्यांतल्या माणसांचा होता. करोनाचा जोर असताना, शेजाऱ्याच्या दाराशी जायलाही लोक भीत होते तेव्हा, ही मंडळी पावसात धावत आली. परदेशातून आलेली माणसं त्यांनी हातांनी उचलली, आपल्या मोटारींत आणि रिक्षांत घालून रुग्णालयांत नेली. आई कुठे, लेकरू कुठे, अशी पांगापांग झाली तेव्हा मुलांचे फोटो मोबाइलवर फिरवून घरचे शोधले. रक्त द्यायला रात्री रांगा लागल्या. आणि नंतर त्यांच्यातले कितीतरी जण निमूटपणे विलगीकरणात जाऊन राहिले. त्यांच्यासमोर मी आज इथून हात जोडते.

पण त्याच वेळी माझ्यातली सिस्टर वेगळ्या काळजीने बघते. कण्याला मार लागलेल्या माणसाला दोघांनी काखेत धरून उचललं आणि रिक्षात बसवलं, तर वाचलेला जीव जन्मभर खाटेवर राहू शकतो. त्या मुलांचा यात काहीच दोष नसतो. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. पहिले पोहोचणारे तेच असतात हे कारिपूरला दिसलं, तरी तालमींच्या वेळी 'बघ्यांना दूर ठेवा' एवढंच त्यांच्याविषयी बोललं जातं.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतल्या आयोवाचं. १९ जुलै १९८९ ला डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-१० विमानाचं शेपटातलं इंजिन फुटलं आणि विमान वळवायच्या तिन्ही हायड्रॉलिक व्यवस्था निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेले एक प्रशिक्षक वैमानिक यांनी नुसत्या उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून ४४ मिनिटं ते हवेत धरलं. आयोवातल्या सू सिटी विमानतळाच्या कंट्रोलरचा शांत आवाज त्यांना शेवटपर्यंत साथ देत होता. विमान ठरलेल्या धावपट्टीकडे वळू शकलं नाही आणि वापरातून काढलेल्या धावपट्टीसमोर आलं. तिथेच अग्निशमन गाड्या उभ्या केलेल्या होत्या, त्या शेवटच्या काही मिनिटांत हलवाव्या लागल्या. विमान आदळलं, पेटलं, तुटून मक्याच्या शेतात गेलं. २९६ जणांपैकी १८४ जगले.

मला ज्यासाठी हे सांगायचंय ते दोन वर्षं आधीचं आहे. १९८७ मध्ये तिथल्या लोकांनी एक मोठी तालीम केली होती. त्या विमानतळावर एवढी मोठी विमानं येत नसत, तरी त्यांनी असं धरलं की मोठं विमान वापरात नसलेल्या धावपट्टीवर कोसळलंय आणि दीडशेच्या आसपास माणसं जिवंत आहेत. तालमीनंतर बसून चुका काढल्या. मदतीला आणखी लांबच्या गावांना बोलवावं लागेल हे त्यातून कळलं आणि त्या गावांशी बोलणी केली. म्हणून १९८९ ला विमान अजून हवेत होतं तेव्हाच आजूबाजूच्या गावांतून रुग्णवाहिका निघालेल्या होत्या. नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे २८५ जण त्या दिवशी तळावर होते. रुग्णालयांत पाळी बदलत होती, म्हणून दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर आणि डॉक्टर हाताशी होते. यातलं काही नशिबाचं होतं आणि हेन्स पुढे आयुष्यभर गावोगाव बोलत फिरले तेव्हा पाच कारणांत नशिबाचं नाव त्यांनी पहिलं घेतलं. पण लांबच्या गावच्या रुग्णवाहिका नशिबाने येत नसतात. सगळं सुरळीत झालं असंही नाही: पाणी पुरवणाऱ्या गाडीत ऐनवेळी बिघाड झाला आणि उंच मक्यात वाट दिसेना. तेही त्यांनी लपवलं नाही. चौकशीच्या अहवालात ते छापलेलं आहे.

आता मी पाहिलेली तालीम. कुठला विमानतळ, कुठलं रुग्णालय ते सोडून देते, कारण तिथल्या लोकांनी जीव ओतून काम केलं होतं.

तारीख आम्हाला पंधरा दिवस आधी कळवलेली होती. सकाळी अकराची वेळ. दोन दिवस आधी कॅज्युअल्टीतल्या खाटा रिकाम्या करून घेतल्या, चादरी बदलल्या. खऱ्या दिवशी अकराला आमच्या कॅज्युअल्टीत एका खाटेवर दोन पेशंट असतात. दूरध्वनी आला तो एवढाच, 'विमानाचा अपघात, पेशंट पाठवतोय.' किती, भाजलेले की चेचलेले, कुठल्या फाटकाने, काही नाही. पहिल्या सगळ्या रुग्णवाहिका आमच्याकडेच आल्या. पाच किलोमीटरवरचं दुसरं रुग्णालय सबंध सकाळ वाट बघत राहिलं. आमचा एक वॉर्डबॉय जखमी झाला होता, म्हणजे त्याला ते सोंग दिलं होतं. गळ्यात लाल कार्ड, याचा अर्थ सगळ्यात आधी बघायचा. तो चाळीस मिनिटं व्हरांड्यात स्ट्रेचरवर पडून होता. लाल रंग लावलेल्या, ओरडणाऱ्या मुलांकडे सगळे धावले आणि त्याला ओरडायचं नाही असं सांगितलेलं होतं. खऱ्या अपघातात असंच होतं. जो ओरडतो त्याच्यात अजून ताकद असते. गप्प पडलेला आधी जातो.

संध्याकाळच्या बैठकीत मी हे सांगितलं. लिहून घेतलं गेलं. महिन्याने आलेल्या कागदावर 'तालीम समाधानकारक' असा शेरा होता, आणि माझ्या वॉर्डबॉयची चाळीस मिनिटं त्यात कुठेच नव्हती. मला त्याचं अजून वाईट वाटतं. तालमीत चुका झाल्या हे लाजिरवाणं नाही. त्यासाठीच तर ती करायची.

म्हणून माझी विनंती आहे. नियमाप्रमाणे दोन वर्षांतून एकदा पूर्ण तालीम घ्यावीच लागते. येणारी तालीम भिंतीबाहेर घ्या. विमान धावपट्टीवर नाही, वस्तीत पडलंय असं धरा. जुलैत घ्या, रात्री घ्या, पाणी तुंबलेलं असताना घ्या. कारिपूर पावसातल्या रात्री झालं, कोव्ह नेक थंडीतल्या रात्री. रुग्णालयांना आठवडा सांगा, दिवस सांगू नका. टॉवर जसं 'जीव किती' विचारतो, तसे चार ठरलेले प्रश्न रुग्णालयाच्या फोनवर असू द्या आणि कोणाकडे किती पेशंट पाठवायचे हे ठरवणारा एक माणूस घटनास्थळी नेमा. त्याचं दुसरं काही काम नको. पुण्यासारख्या ठिकाणी टॉवर आणि धावपट्टी हवाई दलाकडे, टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाकडे आणि भिंतीबाहेरची लोहगाव, विमाननगरची वस्ती महापालिकेकडे. तिथे तर हे तिघं रात्री एकमेकांना नावानिशी ओळखतात का, एवढं जरी तपासलंत तरी पुष्कळ होईल.

नवी मुंबईच्या समितीला एक वेगळं सांगायचं आहे. तुमचा विमानतळ खाडीच्या कुशीत आहे. ओहोटीला तिथे गुडघाभर, कुठे कमरेभर चिखल असतो. त्यात अग्निशमन गाडी जाणार नाही. धावपट्टीच्या वाटेवर पाणी किंवा दलदल असेल तर त्यासाठी वेगळी बचाव साधनं असावीत असं नियमही सांगतात, आणि ती तुम्ही आणली असतील यावर माझा विश्वास आहे. पण १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरलं तेव्हा पहिल्या पोहोचल्या त्या रोज प्रवासी ने-आण करणाऱ्या फेरीबोटी, चार मिनिटांच्या आसपास. १५५ च्या १५५ जगले. पनवेलच्या खाडीत कुठल्या भरतीला कुठून होडी जाते हे तिथल्या कोळी-आगरी बांधवांइतकं कोणाला ठाऊक आहे? विमानतळासाठी गावं त्यांनी सोडली. आराखड्यात त्यांच्या होड्यांना जागा द्या आणि त्यांना बोलावून, चहा पाजून, ते नीट सांगा.

आणि तालीम झाली की तिचा निकाल छापा. चुकांसकट. सुरक्षेच्या गोष्टी वगळा, समजू शकते. पण रुग्णवाहिका कितव्या मिनिटाला आली, पेशंट कितव्या मिनिटाला खाटेवर गेला, हे आकडे आमचे आहेत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा स्टँड आहे. शेजारी गणेशोत्सव मंडळाची खोली. दहीहंडीला थरावरून पडलेलं पोर ही मुलं माझ्याकडे घेऊन येतात, त्यामुळे ओळख आहे. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना मंडळाच्या खोलीत बोलावलं. मान न हलवता माणूस कसा कुशीवर करायचा, चादरीवर चौघांनी एकदम कसं उचलायचं, भाजलेल्यावर काय लावायचं नाही, दोन तास घेतले. अकरा जण आले होते. एकाने दुसऱ्या रविवारी आपल्या भावालाही आणलं.

शेवटी त्यांनी मला विचारलं, सिस्टर, इथे विमान पडलं तर आम्ही फोन कोणाला करायचा? रिक्षा कुठे लावायच्या, म्हणजे बंबाला वाट राहील? जखमी न्यायचा तर कुठल्या रुग्णालयात, आणि तिकडे कोणी घेईल का आमच्याकडून?

मला उत्तरं देता आली नाहीत. ती तुमच्या आराखड्यात असतील तर कृपा करून आमच्या गल्लीपर्यंत पोहोचवा. मंडळाची खोली रोज रात्री आठनंतर उघडी असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कुर्ला, मुंबई